अक्षर आणि साचा

२०१९ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळच्या वेळी एक तरुण घरी आला. त्याचे वडील माझ्या चांगल्या परिचयाचे होते. वर्षभरापूर्वीच ते वारले होते. पाणी पिऊन झाल्यावर तो थोडा अडखळत म्हणाला, “काका, तुम्ही आणि मुनीमजींनी मिळून आमच्या कारखान्याचा हिशोबाचा प्रोग्राम केला होता ना? त्याचं पुस्तक तुमच्याकडे असेल का?”

सतरा वर्षांपूर्वीच्या आज्ञावलीची माहितीपुस्तिका आज कोणाला हवी असेल, असे मला वाटले. २०१७ च्या जुलैमध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला आणि बऱ्हाणपुरातल्या बहुतेक पेढ्यांनी आपापल्या जुन्या आज्ञावली बाजूला ठेवून बाजारातल्या नव्या घेतल्या. आमचीही त्याच वेळी अडगळीत गेली. पण या मुलाच्या घरी आता वाटणी चालली होती. माग वडिलांकडे होते, सुताचा व्यवहार धाकट्या काकांकडे. काकांच्या हिशोबनिसाने जुन्या वर्षांची आकडेवारी काढली, एका स्तंभाची बेरीज केली आणि वडिलांच्या बाजूला सुताची फार मोठी तूट दाखवली. “काका, त्याचा अर्थ एवढाच निघतो की माझे वडील सूत परस्पर विकत होते,” असे तो म्हणाला आणि गप्प बसला.

यंत्रमागाचा धंदा ज्यांनी जवळून पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या गावात पुष्कळसे माग मजुरीवर चालतात. सूत एकाचे, माग दुसऱ्याचे. सूत वजन करून द्यायचे, विणलेले कापड परत घ्यायचे आणि मीटरमागे मजुरी मोजायची, अशी ही रीत. दिलेल्या सुताइतक्या वजनाचे कापड कधीच परत येत नाही. कांडी भरताना, बीम चढवताना, धागा तुटताना काही सूत वाया जाते. त्याला घट म्हणतात. किती घट मान्य करायची हे आधी ठरलेले असते आणि त्याहून जास्त गेले तर ते मागवाल्याच्या नावे लिहिले जाते. या एकाच कुटुंबातल्या दोन भावांमध्येही हिशोब असाच ठेवला जाई आणि तो ठेवण्याचे काम आमची आज्ञावली करीत असे.

तिच्यामागचे सारे गणित मुनीमजींचे होते. एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर त्यांची उमर गेली होती. संगणकाला त्यांनी फारसा हात लावला नाही. ते शेजारी खुर्ची टाकून बसत आणि हिशोब कसा चालतो ते मला सांगत. मी ते संगणकाच्या भाषेत उतरवी. महिन्याची जास्तीची घट त्याच महिन्यात वसूल करायची नाही, ती पुढच्या महिन्यात ओढायची आणि दिवाळीला एकदाच मिटवायची, ही त्यांची पद्धत होती. म्हणजे मार्चअखेर एक किलो जास्त गेले, एप्रिलमध्ये आणखी दीड किलो गेले, तर एप्रिलच्या ओळीत अडीच किलो दिसे. खरी तूट तेवढीच. पण हे ठाऊक नसलेला माणूस एक आणि अडीच मिळवून साडेतीन करणार, मे महिन्याचा आकडा त्यात घालणार, आणि वर्षअखेर तीच तूट अनेकदा मोजली जाणार. हिशोबनिसाने नेमके हेच केले असावे, हे त्या मुलाने कागद पुढे करताच माझ्या ध्यानात आले.

माझ्या ध्यानात येऊन उपयोग नव्हता. आज्ञावली मी लिहिलेली, त्याच्या वडिलांशी माझा स्नेह. माझ्या तोंडी शब्दाला वाटणीच्या बैठकीत किती वजन मिळणार? लिहिलेले दाखवायला हवे होते. आणि लिहिलेले होते. माहितीपुस्तिकेतले घटीवरचे प्रकरण मुनीमजींनी स्वतः तोंडी सांगितले होते, मी केवळ लेखनिक होतो. २०११ साली मुनीमजी गेले. त्यांचे एवढे एकच लेखन माझ्याकडे होते आणि ते एका तबकडीत होते.

येथे मला माझ्याकडून झालेली चूक सांगितली पाहिजे. २००२ साली पुस्तिका लिहायला घेतली तेव्हा ती कोणत्या साच्यात ठेवावी यावर आम्हा दोघांत बराच खल झाला. मुनीमजींचे म्हणणे सरळ होते: कागदावर छापा, शिवून घ्या, गल्ल्याच्या पेटीत ठेवू द्या. मला ते मागासलेपणाचे वाटले. त्या काळी विंडोजमध्ये साहाय्यासाठी एक खास प्रकारची फाइल बनवता येई. आज्ञावली चालू असताना एफ-१ ही कळ दाबली की हव्या त्या विषयाचे पान चौकटीत उघडे, एका शब्दावर टिचकी दिली की दुसरे पान येई. मोठमोठ्या कंपन्यांच्या आज्ञावलींना असे साहाय्य असे. बऱ्हाणपुरात बसून आपणही तसेच करून दाखवू, ही हौस मला होती. मुनीमजींनी ते कौतुकाने पाहिले, दोनचारदा कळ दाबली आणि म्हणाले, “छान आहे. पण हे पुस्तक उघडायला तुमची पेटी लागते.” पेटी म्हणजे संगणक. मी हसलो. छापील प्रती काढायचे राहूनच गेले. खरे सांगायचे तर मी ते राहू दिले.

तो तरुण गेल्यावर मी तबकडी शोधून काढली. ती सुदैवाने वाचली गेली. आकडेवारीच्या फाइली तर अगदी सहज उघडल्या. त्या डीबेसच्या जुन्या साच्यात होत्या. तो साचा बनवणारी कंपनी कधीच नाहीशी झाली. आम्ही वापरलेल्या फॉक्सप्रोलाही मायक्रोसॉफ्टने २०१५ साली शेवटचा निरोप दिला. तरीही त्या साच्याची रचना इतकी साधी आणि इतक्या लोकांना माहीत असलेली आहे की आजचे अनेक कोष्टकाचे प्रोग्राम तो वाचू शकतात. काकांच्या हिशोबनिसाने आकडे काढले ते याच सोयीमुळे. पण त्या साच्यात स्तंभाचे नाव दहा अक्षरांपलीकडे जाऊ शकत नसे. म्हणून मी रोमन अक्षरांत काहीतरी तोडकी नावे दिली होती. आकडे जसेच्या तसे राहिले आणि त्यांचा अर्थ मात्र राहिला नाही. अर्थ पुस्तिकेत होता.

पुस्तिकेवर टिचकी दिली, तर ही फाइल उघडता येत नाही असा निरोप आला. चौकशी करता कळले की व्हिस्टा ही विंडोजची आवृत्ती २००७ साली बाजारात आली तेव्हाच जुने साहाय्य वाचणारा भाग मायक्रोसॉफ्टने तिच्यातून काढून टाकला होता. काही वर्षे तो मागून घेता येत असे. २०१५ च्या विंडोज-१० साठी तोही मिळेनासा झाला. जगातल्या असंख्य आज्ञावलींची साहाय्यपाने या एका निर्णयासरशी मिटली. ज्याचा साचा, त्याचा निर्णय. त्यात आपल्याला कोणी विचारण्याचे कारणच नव्हते.

एक वाट उरली होती. ती साहाय्यफाइल ज्या कच्च्या मसुद्यातून घडवली जाई तो मसुदा आरटीएफ नावाच्या साच्यात लिहावा लागे आणि तो मी त्याच तबकडीत ठेवला होता. आरटीएफची रचना प्रसिद्ध केलेली असल्यामुळे आजही बहुतेक सारे लेखनप्रोग्राम ती उघडतात. माझाही मसुदा उघडला. पाने दिसली, परिच्छेद दिसले, शीर्षके ठळक दिसली. फक्त अक्षरे मराठी नव्हती. रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि उद्गारचिन्हे यांचा खच पडला होता.

हा अनुभव माझ्या पिढीतल्या प्रत्येक मराठी लेखकाला कधी ना कधी आलेला आहे. मध्यप्रदेशातले टंकलेखक रेमिंग्टनच्या यंत्रावर हिंदी शिकलेले. त्याच कळफलकावर चालणारा कृतिदेव हा टंक त्यामुळे आमच्याकडे घरोघरी झाला. महाराष्ट्रात श्रीलिपी, शिवाजी असे आणखी काही चालत. या साऱ्यांची युक्ती एकच. संगणकाला ते देवनागरी शिकवत नसत. रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकृती बसवत. संगणकाच्या लेखी ते रोमनच असे, आपल्याला तेवढे मराठी दिसे. तो विशिष्ट टंक त्या संगणकात असेपर्यंत हा मुखवटा टिके आणि टंक नसला की मुखवटा गळून पडे. शिवाय प्रत्येक टंकाची बसवण निराळी. एकातला ‘क’ दुसऱ्यात भलतेच काही होई.

यावर उपाय नव्हता असे नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले होते आणि पुण्याच्या सी-डॅकने त्यावर पुष्कळ काम केले होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या मसुद्यावर बेतलेली आहे. म्हणजे २००२ साली मी पुस्तिका लिहीत होतो तेव्हा योग्य मार्ग अकरा वर्षांचा झालेला होता. पण त्या वेळी आमच्या गावातल्या ग्राहकांकडे विंडोज-९८ होते आणि त्यावर युनिकोडमधली देवनागरी धड उमटत नसे. कृतिदेव उमटत असे. आज चालते ते घ्यावे, उद्याचे उद्या पाहू, असा विचार मी केला. तो सर्वस्वी चूक होता असे मी आजही म्हणणार नाही. ग्राहकाला वाचता येणे ही पहिली गरज होती. चूक होती ती एवढीच, की पुढे युनिकोड रुळल्यावर तो मसुदा पालटून ठेवण्याचे कष्ट मी घेतले नाहीत.

आता ते कष्ट दोन रात्री घ्यावे लागले. कृतिदेवचे युनिकोड करून देणारी साधने सहज मिळतात, पण त्यांच्यावर विसंबून चालत नाही. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केली जाई, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने अक्षरानंतर येते. रफाराचे याच्या नेमके उलट. साधन हे सारे हलवते आणि हलवताना मधूनच चुकते. तरी हे दोष वाचता वाचता सुधारता येतात. मला अडवले ते एका निराळ्याच अक्षराने.

आमच्या गावाचे मराठी नाव बऱ्हाणपूर. हिंदीत ते बुरहानपुर होते, त्यात जोडाक्षर नाही. मराठीत ‘र’ चे ते अर्धे, चंद्रकोरीसारखे आडवे रूप लागते. हिंदीला त्याची गरज नाही आणि हिंदीसाठी घडवलेल्या आमच्या टंकात ते आम्हांला सापडले नव्हते. मग २००२ साली मी काय केले असेल? जिथे जिथे ते यायचे तिथे रफार देऊन टाकला. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झाले, ‘व्यापाऱ्या’चे ‘व्यापार्या’ झाले आणि माझ्या गावाचे नाव पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर बर्हाणपूर असे पडले. आचार्यांना जेवू घालणे आणि आचाऱ्यांना जेवू घालणे यांतला फरक शाळेत आपल्याला हसत हसत शिकवला जातो. त्या रात्री मात्र हसू आले नाही. ज्या गावात चार पिढ्या मराठी बोलणारी आमची कुटुंबे राहिली, त्या गावाचे नाव आपल्या पद्धतीने लिहिण्यापुरतीही जागा त्या साच्यात नव्हती, आणि मी ते मुकाट्याने चालवून घेतले होते. सीमेवरच्या माणसाला अशी तडजोड करण्याची सवय होते. तो ती तडजोड आहे हेही विसरतो.

युनिकोडमध्ये हे अक्षर लिहिता येते. ‘ॲ’ हे मराठी अक्षरही त्यात २००८ साली स्वतंत्रपणे आले. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेची अद्ययावत रूपे ठरवून दिली आणि त्याच वर्षी केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण मानले. आज शाळकरी मुलगा भ्रमणध्वनीवर लिहितो ते युनिकोडच असते. ही शांतपणे झालेली क्रांती आहे आणि तिची किंमत जुना खच उपसल्याशिवाय कळत नाही.

या निमित्ताने, जाणत्या लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला ते मी वाचून पाहिले. युनिक्स या प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका १९७१ सालची आहे. ती साध्या अक्षरांत, मधूनमधून मजकुराच्या खुणा घालून लिहिली जात असे, आणि त्याच परंपरेतली पाने आजही रोज लिहिली व वाचली जातात. डोनाल्ड क्नुथ यांनी आपल्या ग्रंथांची छपाई नीट व्हावी म्हणून १९७० च्या दशकात टेक् ही अक्षरजुळणीची प्रणाली रचली. तिचाही मसुदा साधा मजकूरच असतो. १९९१ मध्ये तांत्रिक पुस्तकांसाठी डॉकबुक नावाचा साचा निघाला. तो काटेकोर, पण लिहायला जड. २००४ साली जॉन ग्रुबर यांनी मार्कडाउन हा अगदी हलका प्रकार सुचवला. शब्दाभोवती दोन तारका घातल्या की तो ठळक, इतके सोपे. पायथन या संगणकभाषेची माहितीपुस्तिका पूर्वी टेक्च्या कुळातल्या साच्यात होती. ती २००८ मध्ये अशाच एका हलक्या साच्यात आणली गेली, लिहिणाऱ्यांची संख्या वाढावी म्हणून. या साऱ्यांत एक धागा समान आहे. मूळ मसुदा असा ठेवायचा की कोणत्याही खास प्रोग्रामवाचून नुसत्या डोळ्यांनी वाचता येईल; आणि दिसायला सुंदर असे जे काही हवे, ते त्यातून वेळोवेळी घडवून घ्यायचे. मी दोन्हींची अदलाबदल केली होती. घडवलेली वस्तू मला खरी वाटली आणि मसुदा केवळ कच्चा माल वाटला.

शासनांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. कार्यालयीन दस्तऐवजांसाठी ओडीएफ हा खुला साचा २००६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरला. दोनच वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या साच्यालाही तसाच दर्जा मिळाला. त्यावरून जगभर मोठा वाद झाला. भारताने २००७ आणि २००८ या दोन्ही वेळा विरोधी मत नोंदवले. २०१० मध्ये केंद्राने खुल्या प्रमाणांचे धोरण जाहीर केले. छापील रूप जसेच्या तसे दीर्घकाळ जपण्यासाठी पीडीएफचा एक खास प्रकार २००५ सालापासून प्रमाण आहे. त्यात अक्षरांचा टंक फाइलीच्या पोटातच ठेवावा लागतो. हे वाचताना मनात आले, की २००२ साली मी निदान एक पीडीएफ काढून ठेवली असती तर त्या मुलाला त्याच रात्री हवे ते पान देता आले असते. मुनीमजींच्या कागदाची ती धाकटी बहीणच.

आमच्या गावात दस्तऐवजाचा विचार करायला फार दूर जावे लागत नाही. जुम्मा मशिदीत फारुकी सुलतान आदिलशाहाच्या काळचा एक शिलालेख आहे. तिथे अरबी लेख आहेच, पण त्याच्याबरोबर नागरी लिपीत कोरलेला संस्कृत लेखही आहे. त्यात आधी निराकार ईश्वराला वंदन आहे, मग राजवंशाची मालिका आहे आणि मशीद बांधल्याची मिती आहे. मिती देताना कोरणाऱ्याने विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ अशा दोन्ही गणना दिल्या आहेत. म्हणजे १५९० चा जानेवारी महिना. लहानपणी आजोबांचे बोट धरून मी तो पाहिला होता. तेव्हा वाटले होते की दगडावर कोरले म्हणून ते टिकले. आता वाटते, ते अर्धेच खरे. दगड टिकला, पण तो वाचता येतो याचे कारण ती लिपी, ते व्याकरण, ती कालगणना ही कोणा एकाची मालमत्ता नव्हती. पुष्कळांना ती येत होती आणि एकाने सोडली तरी दुसरा शिकवू शकत होता. दोन भाषांत लेख कोरले गेले आणि एकच दिवस दोन गणनांत लिहून ठेवला, हेही शहाणपणाचे लक्षण. एक वाट बुजली तर दुसरी राहील.

याच्या उलट मोडीचे झाले. १७६० मध्ये उदगीरच्या तहाने बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले आणि पुढे शिंद्यांकडे गेले. त्या काळचा सारा मराठी कारभार मोडीत चाले. छपाईने बाळबोध उचलली, विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत घरोघरीचे कागद मुके झाले. माझ्याच घरी पणजोबांच्या काळचे चार कागद आहेत. त्यांची शाई फिकी झालेली नाही, कागदही फाटलेला नाही, पण आमच्यापैकी कोणालाही ते वाचता येत नाहीत. २०१४ साली मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. जागा मिळाली म्हणून वाचक मिळतात असे नाही. परंतु जागाच नसेल तर वाचकाला यायला वाट तरी कोणती?

दोन रात्रींनंतर घटीचे प्रकरण मी सरळ मराठीत वाचले. मुनीमजींचा आवाज त्यात होता. “मागील महिन्याची घट चालू महिन्यात धरलेली असते, सबब स्तंभाची बेरीज करू नये, वर्षाचा शेवटचा आकडा तोच खरा,” असे त्यांनी सांगितले होते आणि मी तसेच लिहिले होते. ‘सबब’ हा शब्द त्यांचा. एवढे एक वाक्य त्या मुलाच्या वडिलांवरचा आळ पुसायला पुरेसे होते. मी ते छापून दिले, मूळ तबकडी सोबत दिली आणि तिच्यातल्या फाइलीवरची २००२ सालची तारीख दाखवली. बैठकीत धाकट्या काकांनी ते वाचले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत, असे मला नंतर कळले. मग ते म्हणाले, “दादांनी असं केलं असेल असं मला वाटलंच नव्हतं. पण कागदावर दिसत होतं.”

गोष्ट येथे गोड होऊन संपली असती तर बरे झाले असते. शेवटच्या आकड्याचा प्रश्न उरलाच. कोणत्या नंबरच्या सुताला किती घट मान्य, याचे कोष्टक त्याच प्रकरणात होते. ते कोष्टक रेखीव दिसावे म्हणून मी चित्राच्या रूपात केले होते. मसुद्यात चित्र नसे, चित्राच्या फाइलीचे नाव तेवढे असे. ते नाव आजही तिथे आहे; चित्र नाही. ते दुसऱ्या एका फोल्डरात होते आणि तबकडी भरताना ते घालायचे माझ्याकडून राहून गेले. मिटलेल्या साहाय्यफाइलीत ते असणार, पण ती उघडणारा जुना संगणक मला तेव्हा गावात मिळाला नाही आणि बैठक थांबली नाही. आज्ञावलीतही ते दर उरले नव्हते, कारण दर बदलला की जुना पुसून त्यावर नवा लिहावा अशीच मी तिची रचना केली होती. अखेर दोन्ही बाजूंनी उरलेली तूट निम्मी निम्मी सोसली. रक्कम मोठी नव्हती. पण त्या मुलाच्या वडिलांच्या नावे जे निम्मे लागले ते कदाचित लागायला नको होते, आणि त्याला कारण माझा रेखीवपणा, ही टोचणी मला आहे.

गेल्या काही वर्षांत तोच मुलगा आपल्या मागांसाठी नवी आज्ञावली करवून घेत आहे आणि तिची पुस्तिका मी लिहावी असा त्याचा आग्रह आहे. मी होकार दिला, पण काही गोष्टी आधीच ठरवून घेतल्या. अक्षरे युनिकोडमध्येच. मूळ मसुदा साध्या मजकुराच्या फाइलीत, मोजक्या खुणांसह. कोष्टक मजकुरातच, चित्रात नाही. थोडे ओबडधोबड दिसले तरी चालेल. चित्र अपरिहार्य असेल तिथे त्याखाली शब्दांत वर्णन. दर बदलला तर जुना दर तारखेसह राहील. पडद्यावर वाचण्यासाठी जी पाने हवीत ती या मसुद्यातून घडवायची. कळ दाबताच साहाय्य यावे ही सोय आजही गैर नाही, फक्त ती मूळ प्रत समजायची नाही. दरवर्षी दिवाळीला एक पीडीएफ आणि एक कागदी प्रत. नेपानगरला, आमच्याच जिल्ह्यात, देशातला पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना आहे. कागदाविषयी आम्हांला तरी अनादर असू नये.

ही यादी वाचून मुलगा म्हणाला, “काका, एवढं कोण वाचणार?” प्रश्न रास्त आहे. माहितीपुस्तिका कोणी आवडीने वाचत नाही. ती अडचणीच्या दिवशी उघडली जाते आणि त्या दिवशी लिहिणारा माणूस शेजारी खुर्ची टाकून बसलेला असेलच असे नाही. साचा निवडायचा तो त्या दिवसाचा आणि त्या अनोळखी वाचकाचा विचार करून. शिवाय कोणताही साचा न लिहिलेली गोष्ट वाचवू शकत नाही. मुनीमजींनी ते एक वाक्य सांगितले नसते तर युनिकोड आणि खुली प्रमाणे घेऊन मी काय करणार होतो?

नव्या पुस्तिकेचे पहिले पान मी लिहून ठेवले आहे. त्यावर कारखान्याचे नाव आहे आणि खाली गावाचे. ते लिहिताना मी मुद्दाम सावकाश कळा दाबल्या: ब, मग ते आडवे ‘ऱ्’, मग हा. बऱ्हाणपूर. फाइल बंद केली, दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडली, तर नाव तसेच होते. मग एक प्रत छापली आणि शिवायला दिली.